पाकिटातला आकडा

दार उघडलं तेव्हा तराजू स्थिरावायला अजून चार मिनिटं होती. तोळ्यांनी चिमट्यात धरलेलं वजन होतं तिथेच अधांतरी थांबवलं आणि मान न वळवता म्हटलं,

"दार लावा. आतून लावा नाहीतर बाहेरून लावा, पण लावा."

दार आतून लागलं. काचेच्या पेटीबाहेरच्या पडद्यावर शेवटचे दोन आकडे बिथरल्यासारखे वरखाली होऊ लागले. खोलीत दुसरं माणूस आलं की असंच व्हायचं, कारण माणसाच्या अंगाची ऊबही या तराजूला सोसत नसे. तोळ्यांनी वजन परत मखमलीच्या खाचेत ठेवलं, हातमोजे काढले आणि मगच वळून पाहिलं. दाराशी बाई उभ्या होत्या.

तोळे हे त्यांचं आडनाव नव्हतं. या संस्थेत एकतीस वर्षं ते वजनं करत होते. सुरुवातीला कुणीतरी गमतीने त्यांना तोळामासा म्हणायला लागलं, पुढे त्यातला मासा निसटला आणि तोळे तेवढे उरले. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि आता तेही मुदतवाढीच्या कागदावर गेलं होतं. बाई मात्र सगळ्यांसाठी पहिल्यापासून बाईच होत्या. तळघरातली गुरुत्वाकर्षणाची प्रयोगशाळा त्यांची, आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या त्याही.

"बसा," तोळे म्हणाले. खोलीत एकच स्टूल होतं. बाई त्यावर बसल्या. टोपी घालायची राहिली होती, पिकलेले केस मोकळे होते. वजनखोलीत असं कुणी आलं असतं तर तोळ्यांनी त्याला उभ्या उभ्या परत पाठवलं असतं.

"तोळे, एक विचारू?"

"नका विचारू."

"आकडा नाही विचारत. तो उद्या अकरा वाजता कळणारच आहे." बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "एवढंच सांगा, उद्या चांगले कपडे घालून येऊ की रोजचेच?"

तोळ्यांनी मखमलीचं झाकण लावलं. ते नीट बसलं होतं तरी पुन्हा काढून लावलं.

"बाई, नियम तुमचाच आहे."

"माझाच आहे. म्हणून तर मोडायला मी स्वतः आले. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर मीच त्याला कामावरून काढलं असतं."

यावर हसायला हवं होतं. तोळ्यांनी चिमटा पुसायला घेतला. बाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांच्याच उबेने भरकटलेले आकडे जागेवर येण्याची वाट बघत असाव्यात तशा. मग एकदम उठल्या, चष्मा हातातच ठेवला आणि "बरं" एवढंच म्हणून निघून गेल्या. येते म्हणाल्या नाहीत. तोळ्यांना वाटलं, रागावल्या. आणि त्यांना ते फार लागलं.

बाई नऊ वर्षं एकच आकडा मोजत होत्या. जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला किती जोराने ओढते, तो आकडा. पुस्तकात तो असतो, शाळेतली मुलं पाठ करतात, सूर्याचं आणि पृथ्वीचं वजन त्याच्यावरून काढतात. पण तो नेमका किती, यावर शहाण्या माणसांचं अजून एकमत नाही. विश्वाच्या सगळ्या आयुष्यात एक सेकंदही न चुकणारी घड्याळं माणसाने बनवली, आणि हा आकडा तीन-चार घरांपुढे गेला की प्रत्येक प्रयोगशाळेचा वेगळा. कोण चुकतंय, की निसर्गाचीच काही भानगड आहे, कुणालाही सांगता येत नाही. बाईंचा आकडा तर या भांडणाच्याही बाहेर पडला होता. बाकी सगळ्यांच्या मानाने तो दहा हजारांत सातने कमी येत होता. एवढ्याशा फरकाने घरादारात कुणाचं काही बिघडत नाही. बाईंची मात्र झोप उडाली होती.

तळघरात एका बारीक तारेला टांगलेला लोलक होता आणि त्याच्याभोवती तांब्याचे चार दंडगोल, प्रत्येकी अकरा किलोचे. दंडगोल लोलकाला ओढायचे आणि तारेला पीळ पडायचा. तो पीळ मोजायचा, दंडगोलांच्या वजनाने भागायचं, की आकडा. म्हणून दंडगोलांचं वजन नेमकं हवं, आणि ते काम तोळ्यांचं.

पण बाईंनी पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. तोळ्यांनी खरं वजन कुणालाही सांगायचं नाही. उणे दहापासून अधिक दहापर्यंत एकवीस चिठ्ठ्या करायच्या, एक उचलायची, आणि दहा हजारांत तेवढा भाग खऱ्या वजनात मिसळून खोटं वजन द्यायचं. उचललेली चिठ्ठी पाकिटात बंद. सगळा हिशेब संपला, सगळ्यांनी 'आता एका अक्षराचाही बदल नाही' म्हणून सह्या केल्या, की मग पाकीट उघडायचं.

"म्हणजे मुद्दाम डोळ्यांवर पट्टी?" तेव्हा तोळ्यांनी विचारलं होतं.

"हो. माणसाला हवं ते उत्तर आलं की तो चूक शोधायचं थांबवतो. मीही थांबेन. मी काय संत लागून गेले?"

आणि शून्याची चिठ्ठीही हवी, हा आग्रह बाईंचाच. शून्य वगळलं तर आत काहीतरी आहे एवढं तरी कळेल, आणि तेवढंही कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

तोळ्यांनी दार लावून डोळे मिटले, डब्यात हात घातला आणि चिठ्ठी उचलली. शून्य.

त्यांना आधी हसू आलं. दुसरी उचलावी की काय असंही मनात आलं, पण पहिली ती पहिली. त्यांनी दंडगोलांची वजनं जशीच्या तशी कागदावर उतरवून दिली आणि पाकीट कपाटात टाकलं. वाटलं होतं, दोन वर्षांचा प्रश्न आहे.

तिसऱ्या वर्षी बाईंचा आकडा पहिल्यांदा फळ्यावर चढला. सगळे म्हणाले, काळजी नको, तोळ्यांचं पाकीट उघडलं की येईल जागेवर. बाईही तसंच म्हणत, पण चूक शोधायचं थांबल्या नाहीत. तार बदलली. विहिरीतल्या पाण्याची पातळी रोज मोजली. मागच्या भिंतीपलीकडे कंत्राटदाराने वाळूचा ढीग टाकला, तो लोलकाला ओढतो म्हणून त्याच्याशी भांडून ढीग हलवायला लावला. लिफ्टचं लोखंड वर कधी जातं आणि खाली कधी येतं त्याचं टिपण ठेवलं. संस्थेतला एक जाडजूड हिशेबनीस कॅन्टीनमध्ये विचारायचा, "बाई, मी जिन्यात उभा राहिलो तर तुमचा लोलक मान वळवतो का?" आणि बाई अगदी गंभीरपणे सांगायच्या, "तुमची वेळ आम्ही टिपून ठेवली आहे." एवढं सगळं करून आकडा होता तिथेच राहिला, सातने कमी.

आणि तोळ्यांना ठाऊक होतं की पाकिटात त्याला जागेवर आणणारं काहीच नाही.

घरी त्यांची ख्याती वेगळी होती. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको चारचौघांत सांगायची. भाचीला द्यायची अंगठी त्यांनी आदल्या दिवशीच तिला वर्णन करून सांगितली होती. मेव्हण्याला अचानक भेट द्यायचा बेत आखला, तर यांनी मेव्हण्यालाच फोन करून किती वाजता येऊ विचारलं होतं. अशा माणसाने नऊ वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. कॅन्टीनमध्ये रोज बाईंच्या समोर बसून डबा खाल्ला, वाळूची, विहिरीची हकिगत ऐकली आणि मान डोलावली. हळूहळू बोलणंच कमी केलं. न जाणो, तोंडातून काय निसटेल. लोक म्हणायचे, तोळे म्हातारे झाले.

बाई गेल्यावर तोळे त्याच स्टुलावर बसले. आकडे पुन्हा स्थिर झाले होते, पण त्यांनी वजन उचललं नाही. कपाट उघडून पाकीट बाहेर काढलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. पाकिटाच्या तोंडावर सही होती ती एकट्या तोळ्यांची. बाईंनी दुसरी सही मागितली नव्हती. तोळ्यांची आहे ना, मग झालं, म्हणाल्या होत्या.

खालच्या खणात त्याच जातीची कोरी पाकिटं अजून पडून होती. संस्थेने एकदा मागवली की वीस वर्षं पुरतील इतकी मागवायची. तोळ्यांनी एक काढून जुन्याच्या शेजारी ठेवलं. आत 'अधिक सात' असं लिहिलेला कागद घालायचा, बस. उद्या संचालक वाचतील, आकडा सातने वर सरकेल आणि बरोबर इतरांच्या रांगेत जाऊन बसेल. टाळ्या होतील. बाई दोन महिन्यांनी ताठ मानेने घरी जातील. खऱ्या वजनांच्या वहीत चार ओळी बदलाव्या लागतील, पण ती वही कोण बघतो? तांब्याचे दंडगोल भाजीवाल्याच्या काट्यावर टाकले असते तरी सात-आठ ग्रॅमचा फरक पकडता आला असता, पण नऊ वर्षांत कुणी तसं केलं नव्हतं. करणारही नव्हतं. त्या विश्वासावरच तर सगळं उभं होतं.

आधी हाताला सवय व्हावी म्हणून त्यांनी रद्दी कागदावर लिहून पाहिलं. अधिक सात. अक्षर थरथरलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा थरथरलं. नऊ वर्षांपूर्वी हा हात दगडासारखा होता. आता चिमट्यात वजन धरताना कसाबसा आवरायचा, लेखणी हाती आली की कापायचाच. चौथ्यांदा सात जमला, तर अधिकच्या चिन्हाची रेघ वाकडी. वही उघडली. एकतीस वर्षांत तिच्यातला चुकलेला आकडा त्यांनी कधी खोडरबराने पुसला नव्हता. एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि सही, बस. त्यांनी वही मिटली. रद्दी कागद फाडून टोपलीत टाकला, कोरं पाकीट परत खणात ठेवलं. त्यांना आडवं आलं ते इमान की हाताचा कंप, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. घरी जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत आणि बायकोने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी अकराला वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत आठ माणसं जमली. भिंतीवर आकडा दिसत होता. त्याच्याखाली एक रिकामी चौकट. चौकटीत पाकिटातला आकडा टाकला की खरं उत्तर दिसेल, अशी सोय हिशेब करणाऱ्या विद्यार्थिनीने केली होती. तिचं या कामावर सहावं वर्ष. संचालकांनी केक मागवला होता. तो खोक्यातच कोपऱ्यातल्या टेबलावर होता. संचालक भला माणूस, नेहमी दोन्ही हात चोळत बोलायचा.

बाई रोजच्याच कपड्यांत आल्या. तोळ्यांनी ते पाहिलं.

तोळ्यांनी पाकीट दिलं. संचालकांनी सही सगळ्यांना दाखवली, सुरीने कड कापली आणि कागद काढला. वाचला. उलटा करून मागची बाजू पाहिली.

"शून्य," ते म्हणाले.

विद्यार्थिनीने चौकटीत शून्य टाकून कळ दाबली. वरचा आकडा हलला नाही. तिने पुन्हा दाबली.

"अडकलंय बहुतेक."

"अडकलं नाही," बाई म्हणाल्या. "शून्य मिसळलं की असंच होतं."

कुणीतरी खुर्ची सरकवली. विद्यार्थिनी कधी भिंतीकडे, कधी तोळ्यांकडे बघत होती. तोळे टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"म्हणजे आपण बरोबर की चूक?" तिने विचारलं.

"म्हणजे आपण होतो तिथेच. इतकी वर्षं खरा आकडाच समोर होता, आपण त्याला खोटा समजत होतो, एवढंच."

संचालकांनी हात चोळले. "बाई, घाई काहीच नाही. बाहेर आत्ताच कुठे बोलायला नको. सहा महिने घ्या. तुमची मुदत वाढवायचं मी बघतो. सगळं एकदा पुन्हा तपासू, कुठेतरी सात सापडतीलच."

"सापडतील," बाई म्हणाल्या. "सातच हवेत म्हटल्यावर नक्की सापडतील. त्याचीच तर भीती आहे."

"पण लोक म्हणतील—"

"बाई चुकल्या म्हणतील. म्हणू देत. चुकलेही असेन. फक्त कुठे चुकले ते मला नऊ वर्षांत सापडलं नाही. तेवढंच लिहायचं आणि आकडा आहे तसा पाठवायचा." त्या विद्यार्थिनीकडे वळल्या. "तुझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तयार आहे ना? मग आज खाडाखोड करू नकोस. घरी जा, झोप काढ."

केक मागवलाच होता, त्यामुळे तो कापावा लागला. सगळ्यांनी समाचाराला आल्यासारखा उभ्याने खाल्ला आणि एकेक करून निघून गेले. संचालक जाताना बाईंच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही या विचारात दाराशी थोडे घुटमळले आणि मग न ठेवताच गेले. खोलीत बाई आणि तोळे राहिले. भिंतीवर आकडा पाडणाऱ्या यंत्राचा पंखा घरघरत होता. बाईंनी ते यंत्र बंद केलं तेव्हा आकडा गेला.

"नऊ वर्षं," बाई म्हणाल्या, "माझ्यासमोर बसून डबा खाल्लात."

"हो."

"त्या वाळूच्या ढिगासाठी मी भर उन्हात कंत्राटदाराशी भांडत होते. तेव्हाही ठाऊक होतं."

"तेव्हाही."

"लाज नाही वाटली?"

"वाटली," तोळे म्हणाले. "रोज वाटली. रविवारी घरी असायचो, तर तेव्हाही वाटायची. वाटायचं, हिला सांगून टाकावं, तू पाकिटाची वाट बघू नकोस. त्यात तुझ्यासाठी काही नाही." बाईंना आपण एकेरी बोललो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "मला दुसरी चिठ्ठी उचलायला हवी होती. कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मग मी नऊ वर्षं खोट्या माणसासमोर डबा खाल्ला असता."

साठी उलटलेल्या माणसाने असं कामाच्या जागी उभं राहून डोळे पुसावेत हे तोळ्यांना बरं वाटेना. त्यांनी केकचं रिकामं खोकं उगाच दाबून चपटं केलं.

"काल तुम्ही रागावून गेलात," थोड्या वेळाने ते म्हणाले. "रात्रभर तेच डोक्यात होतं."

"रागावून?" बाईंनी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं. "मी आणखी मिनिटभर बसले असते तर मला रडू आलं असतं. आणि मी रडले असते तर तुम्ही सांगून टाकलं असतंत. हो की नाही?"

तोळ्यांनी विचार केला. खोटं बोलायची आता गरज नव्हती.

"सांगितलं असतं," ते म्हणाले. "त्याहून वाईटही काही केलं असतं."

"वाटलंच होतं मला." बाईंनी चष्मा चढवला. "म्हणून जिन्यात जाऊन रडले."

मग बाईंनी टेबलावरची शून्याची चिठ्ठी उचलून कागदांना लावली आणि म्हणाल्या,

"चला. खाली तो अजून झुलतोय, त्याला थांबवायला हवं."

"मीही येऊ?"

"आता यायला काय हरकत आहे?"

ज्याला आकडा ठाऊक त्याने लोलकाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हाही बाईंचाच नियम होता. लोलक कसा दिसतो ते तोळ्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी सवयीने हात धुतले, रुमालाने कोरडे केले आणि बाईंच्या मागून जिना उतरू लागले.